लॉगिन कुठे अडतं?

ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ बाजारात आली आणि थोड्याच दिवसांत एक चमत्कारिक तक्रार पुढे आली. काही संगणकांवर पासवर्ड टाकल्यानंतर ‘वेलकम’चा पडदा तीस सेकंद तसाच राहायचा. शेजारच्या टेबलावरच्या, त्याच बनावटीच्या संगणकावर मात्र लॉगिन झटकन व्हायचं. शोध घेता घेता कळलं, की ज्यांनी डेस्कटॉपवर चित्र न लावता नुसता एक सपाट रंग ठेवला होता, त्यांनाच हा त्रास होत होता. चित्रापेक्षा रंग दाखवणं सोपं. मग वेळ जास्त का लागावा? लॉगिनची यंत्रणा डेस्कटॉपच्या एकेका भागाकडून ‘मी तयार आहे’ असा निरोप येण्याची वाट पाहत असे. पार्श्वभूमी तयार झाल्याचा निरोप धाडणारी ओळ चित्र लावण्याच्या कामाच्या पोटात लिहिली गेली होती. चित्रच नसलं की ती ओळ चालत नसे आणि निरोप जात नसे. मग यंत्रणा तीस सेकंद थांबायची आणि शेवटी नाद सोडून पुढे जायची. मायक्रोसॉफ्टने काही महिन्यांतच त्यावर दुरुस्ती आणली.

ऑफिसमधल्या संथ लॉगिनचं मर्म या एका उदाहरणात आहे. त्या तीस सेकंदांत प्रोसेसर मोकळा होता, डिस्क मोकळी होती, नेटवर्कही मोकळं होतं. रॅम दुप्पट केली असती, नवं मशीन आणलं असतं, तरी तीसचे एकोणतीस झाले नसते. आपल्याकडे मात्र तक्रार आली की उत्तरं ठरलेली असतात: ‘रॅम वाढवा’, ‘फॉरमॅट मारा’, ‘नेटचा प्लॅन बदला’. शंभर माणसांच्या कचेरीत प्रत्येकाची रोज तीन मिनिटं गेली, तर दिवसाला पाच मनुष्यतास वाया जातात. ते वाचवायला खर्च करायला हरकत नाही. पण वेळ कुठे जातोय हे न पाहता केलेला खर्च बहुतेकदा वाया जातो, आणि तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्यालाच ‘तुमचं मशीन जुनं आहे’ असं ऐकून घ्यावं लागतं.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ. उशीर रोज सारखाच असतो की कमी-जास्त होतो? रोज तीस सेकंद, किंवा रोज एकवीस सेकंद, अशी ठरीव संख्या दिसली, तर कोणीतरी न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत आहे असं समजावं. बहुतेक प्रोग्रॅममध्ये ‘इतका वेळ थांब, मग सोडून दे’ अशी मुदत लिहिलेली असते, आणि घड्याळात तीच मुदत दिसते. उलट उशीर माणसागणिक बदलत असेल, किंवा महिन्यामहिन्याने वाढत असेल, तर तिथे खरोखरच काहीतरी वाहून नेलं जातंय. या दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

ऑफिसच्या संगणकावर पासवर्ड टाकला की काय घडतं ते आधी पाहू. इथे मी विंडोजच्या डोमेनबद्दल बोलतो आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही व्यवस्था विंडोज २००० बरोबर आली आणि आजही असंख्य कचेऱ्यांमध्ये तीच चालते. सगळ्यांची खाती आणि पासवर्ड डोमेन कंट्रोलर नावाच्या सर्व्हरवर असतात. तुमचा संगणक आधी नेटवर्कवर आपला पत्ता मिळवतो, मग डोमेन कंट्रोलर कुठे आहे ते शोधतो आणि त्याच्याकडून तुमची ओळख पटवून घेतो. त्यानंतर तुमचं प्रोफाइल उघडतो, कंपनीने ठरवलेले नियम म्हणजे ग्रुप पॉलिसी लागू करतो, लॉगिन स्क्रिप्ट चालवतो, सामायिक ड्राइव्ह आणि प्रिंटर जोडतो आणि शेवटी डेस्कटॉप दाखवतो. यातली कोणतीही पायरी अडू शकते. पडद्यावर मात्र सगळ्यासाठी तेच एक गोल फिरत राहतं.

पहिली अडचण संगणकाच्याही बाहेर, भिंतीवरच्या नेटवर्क स्विचमध्ये असू शकते. दोन स्विच एकमेकांना दोन केबलींनी जोडले गेले, तर माहिती गोल गोल फिरत राहून सगळं नेटवर्क कोसळतं. ते टाळण्यासाठी रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली. तिच्या मूळ रूपात स्विचच्या पोर्टला केबल लागली, की पोर्ट लगेच चालू होत नाही. पंधरा सेकंद तो नुसता ऐकतो, पुढचे पंधरा सेकंद कोण कुठे आहे ते शिकतो, आणि मगच माहिती पुढे जाऊ देतो. दुसरा स्विच जोडला जात असेल तर ही सावधगिरी हवीच. पण टेबलावरच्या संगणकासाठी तिची गरज नसते, आणि एसएसडीवरचा आजचा संगणक तीस सेकंदांच्या आत लॉगिनच्या पडद्यावर येऊन उभा असतो. नेटवर्क अजून जागं झालेलं नाही आणि माणूस पासवर्ड टाकून मोकळा! मग लॉगिन तरी रेंगाळतं, नाहीतर होतं पण सामायिक ड्राइव्ह दिसत नाहीत. ज्या पोर्टांवर फक्त संगणक आहेत, त्यांना तसं सांगून ठेवण्याची सोय स्विचमध्ये असते. सिस्को तिला पोर्टफास्ट म्हणते, इतर बरेचजण एज पोर्ट. एकही वस्तू न विकत घेता होणारी ही दुरुस्ती आहे. वीज जाऊन आल्यावर सगळ्या मजल्यावर एकदम लॉगिन अडकत असेल, तर सुरुवात इथून करावी.

यानंतरचं स्थानक सगळ्यात महत्त्वाचं: डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था. संथ लॉगिनचं कारण शोधायला एकच जागा तपासायची परवानगी मिळाली, तर मी हीच तपासेन. डोमेन कंट्रोलर कुठे आहे हे संगणकाला कुणी पाठ करून दिलेलं नसतं. तो डीएनएसला विचारतो, की या डोमेनसाठी ओळख पटवण्याची सेवा कोण देतं? त्यासाठी डीएनएसमध्ये खास नोंदी असतात आणि त्या ऑफिसच्या आतल्या डीएनएस सर्व्हरवरच असतात. आता होतं असं, की ‘इंटरनेट बंद पडायला नको’ म्हणून कोणीतरी सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ किंवा इंटरनेट कंपनीच्या राउटरचा पत्ता टाकून ठेवतं. हेतू चांगला असतो. समजही साधा असतो, की पहिल्याला माहीत नसेल तर संगणक दुसऱ्याला विचारेल. तो समज चुकीचा आहे. दुसऱ्याकडे संगणक जातो तो पहिल्याने उत्तरच दिलं नाही तर, आणि एकदा गेला की काही काळ त्याच्याकडेच विचारत राहतो. बाहेरच्या डीएनएसला तुमच्या ऑफिसचं आतलं नाव ठाऊक नसतं. पण तो गप्प बसत नाही. ‘असं नाव अस्तित्वात नाही’ असं ठाम उत्तर देतो. गावात नव्याने आलेल्या माणसाला जोशींच्या वाड्याचा पत्ता विचारावा आणि त्याने ‘इथे असा वाडाच नाही’ म्हणून सांगावं, तसं हे आहे. ठाम उत्तर मिळालं की संगणक तिसऱ्या कुणाला विचारत नाही. तो जुन्या पद्धतींनी चाचपडत राहतो, आणि त्यात वेळ जातो.

या दोषाची खूण अशी, की तो रोज दिसत नाही. सकाळी सगळे एकदम संगणक चालू करतात, आतला डीएनएस क्षणभर उत्तर द्यायला उशीर करतो, काही संगणक बाहेरच्याकडे वळतात, आणि त्यांचंच लॉगिन अडतं. दुपारी पाहावं तर सगळं सुरळीत. उपाय सोपा आहे. डोमेनमधल्या संगणकांना फक्त आतलेच डीएनएस सर्व्हर द्यावेत. शक्य असेल तर दोन द्यावेत. बाहेरच्या जगाची नावं हवी असतील, तर ती आतल्या सर्व्हरने बाहेर विचारून आणावीत. स्वतः डोमेन कंट्रोलरच्या सेटिंगमध्येही बाहेरचा पत्ता नाही ना, हे पाहायला विसरू नये. घाईत केलेल्या जोडणीत तो तिथेही सापडतो.

नाव सापडलं, तरी योग्य सर्व्हर सापडला असं नाही. समजा, कंपनीचं मुख्य कार्यालय पुण्यात आहे, शाखा कोल्हापूर आणि नांदेडला आहेत, आणि एक डोमेन कंट्रोलर दिल्लीतही आहे. कुणी कोणाकडे जायचं, हे ॲक्टिव्ह डिरेक्टरीत साइट आणि सबनेट यांच्या नोंदींवरून ठरतं: अमुक पत्त्यांचे संगणक कोल्हापूरचे, त्यांनी कोल्हापूरच्याच सर्व्हरकडे जावं. कोल्हापूरची शाखा नव्या इमारतीत जाते, तिथे पत्त्यांची नवी मालिका मिळते, आणि ती नोंदवायचं राहून जातं. आता त्या संगणकांना आपण कुठले ते ठाऊकच नाही. ते कुठल्याही सर्व्हरकडे जाऊ शकतात, कोल्हापुरात बसून दिल्लीकडेही. हे तपासायला फार विद्या लागत नाही. लॉगिन झाल्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडावा, ‘सेट’ लिहून एक जागा सोडून ‘एल’ हे इंग्रजी अक्षर टाकावं आणि एंटर दाबावं. तुमचं लॉगिन कोणत्या सर्व्हरने केलं, त्याचं नाव दिसतं. ते दूरच्या शहरातलं असेल तर चोर सापडला. डोमेन कंट्रोलरवरच्या नेटलॉगऑनच्या नोंदवहीतही अशा बेवारस पत्त्यांची यादी साठत असते. ती कुणी उघडून पाहत नाही, एवढंच.

इथे शाखाप्रमुख हमखास म्हणतात, ‘लाइनचा स्पीड वाढवून घेऊ.’ त्याने का भागत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. लॉगिनमध्ये मोठ्या फाइली थोड्या आणि छोटी प्रश्नोत्तरं खूप असतात. एकाचं उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न जात नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते दिल्ली सरळ अंतर सुमारे १,२०० किलोमीटर धरलं, तरी जाऊन येऊन १२ मिलिसेकंद निसर्गनियमानेच लागणार, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. दुर्गम भागातली शाखा व्हीसॅटवर असेल, तर प्रश्न सुमारे ३६,००० किलोमीटर वरच्या उपग्रहाकडे जाऊन खाली येतो आणि उत्तरही त्याच वाटेने परततं. एका प्रश्नोत्तराला जवळजवळ अर्धा सेकंद! अशी दोनशे प्रश्नोत्तरं झाली की शंभर सेकंद गेले. लाइन रुंद केल्याने एका वेळी जास्त माहिती जाते, पण अंतर काही कमी होत नाही. त्या शाखेत एक छोटा डोमेन कंट्रोलर ठेवणं किंवा लॉगिनच्या वेळचं काम कमी करणं हाच त्यावर उतारा.

ओळख पटवण्याचं काम केर्बेरॉस ही पद्धत करते. ती १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये तयार झाली. ती वेळेबाबत काटेकोर आहे: संगणक आणि सर्व्हर यांच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला, तर ती तिकीट नाकारू शकते. मग कुठे जुन्या पद्धतीने प्रयत्न होतो, कुठे ड्राइव्ह जोडले जात नाहीत, कुठे पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारला जातो. जुन्या संगणकांत मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते आणि रात्री मुख्य स्विच बंद केला की घड्याळ मागे जातं. त्या एका संगणकाचीच तक्रार रोज सकाळी येते. भारतात या वेळेच्या शिस्तीला कायद्याचाही आधार आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी कार्यालयांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची आहेत.

ओळख पटली की ‘वेलकम’ येतं, आणि बऱ्याच कचेऱ्यांत खरा खोळंबा इथूनच सुरू होतो. ग्रुप पॉलिसी, लॉगिन स्क्रिप्ट, ड्राइव्ह, प्रिंटर या सगळ्या वर्षानुवर्षं साठत गेलेल्या गोष्टी आहेत. तीन वर्षांपूर्वी जुना फाइल सर्व्हर बंद केला, पण त्याचा ड्राइव्ह जोडण्याची सूचना कुणी काढली नाही. रोज सकाळी प्रत्येक संगणक त्या बंद सर्व्हरचं दार ठोठावतो. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत अशा जोडणीसाठी आधी तीन, मग सहा, मग बारा सेकंद थांबण्याची रीत होती; बेरीज एकवीस. घड्याळात एकवीस दिसले की अनुभवी माणूस आधी बंद पडलेला सर्व्हर शोधतो. काढून टाकलेल्या प्रिंटरचंही तेच. एखादी स्क्रिप्ट अडकली, तर तिच्यासाठी मूळ सेटिंगनुसार ६०० सेकंदांपर्यंत थांबलं जातं, म्हणजे तब्बल दहा मिनिटं. विंडोज ८.१ पासून लॉगिन लवकर दिसावं म्हणून लॉगिन स्क्रिप्ट पाच मिनिटं उशिरा सुरू करण्याची मूळ व्यवस्था आली. त्यामुळे डेस्कटॉप लगेच येतो, पण स्क्रिप्टने जोडायचा ड्राइव्ह पाच मिनिटांनी उगवतो. कर्मचारी सांगतो, ‘लॉगिनला पाच मिनिटं लागतात’, आणि आयटीवाला म्हणतो, ‘लॉगिन तर झालंय!’ दोघांचंही खरं असतं. हिशेबाच्या माणसाच्या दृष्टीने ड्राइव्ह दिसल्याशिवाय लॉगिन झालेलं नसतं, आणि माझ्या मते मोजमापही त्याच क्षणापर्यंत करायला हवं.

आता दुसऱ्या जातीचा उशीर, जिथे खरोखर ओझं वाहिलं जातं. काही ठिकाणी रोमिंग प्रोफाइल असतं: तुम्ही कुठल्याही संगणकावर बसा, तुमचा डेस्कटॉप, तुमच्या सेटिंग सर्व्हरवरून येतात आणि बाहेर पडताना परत जातात. कल्पना सुंदर आहे. पण डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाइल या प्रवासात सामील होते. स्कॅन केलेल्या पीडीएफ, व्हॉट्सॲपवरून उतरवलेले व्हिडिओ, स्नेहसंमेलनाचे फोटो असं करत प्रोफाइल दोन गिगाबाइटचं होतं. नव्या संगणकावर बसलं की ते सगळं आणावं लागतं. ऑफिसातल्या १०० एमबीपीएसच्या जोडणीवर त्याला किमान १६० सेकंद लागतात. शाखेच्या १० एमबीपीएसच्या लाइनवर सत्तावीस मिनिटांच्या आसपास. डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप हे फोल्डर सर्व्हरवरच वळवून ठेवले, तर ते लॉगिनच्या वेळी उचलून आणावे लागत नाहीत. हा उपाय जुना आणि भरवशाचा आहे.

याच जातीत जुनी फिरती हार्ड डिस्क येते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क विखुरलेल्या ठिकाणांहून सेकंदाला साधारण शंभरेक वेळाच वाचू शकते. लॉगिनच्या वेळी हजारो छोट्या फाइली उघडतात, आणि अँटिव्हायरस त्यातली प्रत्येक तपासतो. इथे एसएसडी बसवण्याचा खर्च सार्थकी लागतो. अँटिव्हायरस मात्र बंद करू नये. त्याचं ठरावीक वेळचं पूर्ण स्कॅनिंग सकाळी दहाला लावलेलं असेल, तर ते दुपारच्या जेवणाच्या वेळेत हलवावं.

शोध कसा घ्यावा? माझा आवडता प्रयोग सगळ्यात साधा आहे. ज्या संगणकावर आधी लॉगिन केलेलं आहे, त्याची नेटवर्कची केबल काढावी, वाय-फाय बंद करावं, आणि नेहमीच्याच खात्याने लॉगिन करावं. विंडोज साठवून ठेवलेल्या ओळखीवर आत घेते. तेव्हा लॉगिन झटकन झालं, तर दोष नेटवर्कच्या दिशेला आहे. तितकाच वेळ लागला, तर त्याच मशीनमध्ये किंवा प्रोफाइलमध्ये. मग तोच माणूस दुसऱ्या संगणकावर आणि दुसरा माणूस त्याच संगणकावर बसवून पाहावा. उशीर माणसाबरोबर जातो की मशीनबरोबर राहतो, हे दहा मिनिटांत कळतं.

पुढचा तपशील विंडोज स्वतःच सांगते. पडद्यावर तपशीलवार संदेश दाखवण्याची एक पॉलिसी आहे. ती चालू केली, की नुसत्या ‘वेलकम’ऐवजी कोणतं काम चालू आहे ते दिसतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ग्रुप पॉलिसीच्या ऑपरेशनल नोंदवहीत ८००१ क्रमांकाची नोंद वापरकर्त्याच्या पॉलिसीला एकूण किती सेकंद लागले ते सांगते, आणि ५०१६ क्रमांकाच्या नोंदी ड्राइव्ह, प्रिंटर, स्क्रिप्ट अशा एकेका भागाचा वेळ मिलिसेकंदांत देतात. ॲप्लिकेशन नोंदवहीत विनलॉगऑनच्या ६००५ आणि ६००६ या नोंदी दिसल्या, तर कोणता घटक किती सेकंद रेंगाळला त्याचं नावच मिळतं. एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तरच वायरशार्क या प्रोग्रॅमने नेटवर्कवरची बोलणी पकडावीत आणि दोन ओळींमधली मोठी पोकळी शोधावी. पोकळीच्या आधीचा शेवटचा प्रश्न कुणाला विचारला होता, ते पाहिलं की बहुधा उत्तर मिळतं.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजावं. आणि फॉरमॅट मारण्याचा मोह टाळावा. फॉरमॅटने प्रोफाइल कोरं होतं, काही आठवडे बरं वाटतं, पण नोंदवह्याही पुसल्या जातात. दोष स्विचमध्ये किंवा डीएनएसमध्ये असेल, तर तो तसाच राहतो.

तुम्ही आयटी विभागात नसाल, तरी तुमची मदत सगळ्यात मोलाची ठरू शकते. उद्या तक्रार नोंदवताना ‘सिस्टिम स्लो आहे’ एवढंच लिहू नका. किती सेकंद लागले, पडद्यावर तेव्हा कोणता संदेश होता, आणि शेजारच्यालाही तसंच होतंय का, हे तीन तपशील लिहा. नवीन मशीनच्या मागणीवर सही करण्याआधी साहेबांनीही हेच तीन प्रश्न विचारावेत.